इसब, नायटा आणि एकच ट्यूब

बुरशीच्या एका प्रजातीला आपल्या देशाचे नाव मिळाले आहे आणि त्यात अभिमान बाळगावा असे काही नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे ते नाव. जपानमधील संशोधकांनी २०२० साली एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेवरून मिळालेल्या बुरशीला ते दिले. नायट्यावरचे हुकमी औषध मानले जाणारे टर्बिनाफाइन या बुरशीपुढे वारंवार निष्प्रभ ठरते. हे औषध ज्या विकराला अडवते, त्या स्क्वालीन इपॉक्सिडेजच्या जनुकातच उत्परिवर्तने झालेली आढळतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण सापडले तेव्हा जगभर बातमी झाली. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ त्याच्या कितीतरी आधीपासून न हटणाऱ्या नायट्याबद्दल घसा कोरडा करत होते.

आता प्रश्न असा की, इसबावर लिहिताना बुरशीपासून सुरुवात कशासाठी? कारण दोन्हींच्या कथेत खलनायक एकच आहे, आणि गंमत म्हणजे तोच दोघांपैकी एकीचा नायकही आहे. औषधाच्या दुकानातील ती पंधरा ग्रॅमची ट्यूब.

आपल्या भाषेत त्वचेच्या विकारांना नेमके शब्द आहेत. इसब वेगळा, नायटा किंवा गजकर्ण वेगळे, खरूज वेगळी. जुन्या पिढीतील माणसे हा भेद बऱ्यापैकी अचूक करीत. काउंटरवर मात्र या सगळ्यांचे एकच नाव उरते : खाज. ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की एक स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक-दोन प्रतिजैविके यांचे कडबोळे हातात पडते. कोणता का रोग असेना, चारांपैकी एखादे लागू पडेलच, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे. स्टेरॉइड त्वचेतील दाह शमवते. इसबात दाह हाच रोगाचा गाभा असल्याने तेथे ते योग्य औषध आहे. नायट्यात मात्र तोच दाह बुरशीशी चाललेल्या लढाईचा भाग असतो. तो दाबला की दोन दिवसांत खाज थांबते, रुग्ण खूश होतो आणि बुरशी निर्वेधपणे पसरते.

दुसऱ्या टोकाची हानी तितकीच मोठी आहे, पण तिची बातमी होत नाही. अशा ट्यूबांनी चेहऱ्याची त्वचा पातळ झालेली, लालसर रेषा उमटलेली माणसे पाहिली की घरोघरी ‘स्टेरॉइड’ या शब्दाचीच धास्ती बसते. मग ज्या दोन वर्षांच्या मुलाला खरोखर इसब आहे, ज्याला रात्रभर झोप नाही, त्याचे आईवडील डॉक्टरांनी लिहून दिलेले सौम्य स्टेरॉइडही मोहरीएवढे लावतात, दोन दिवसांत बंद करतात आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढतात. एकाच देशात, कधी कधी एकाच घरात, स्टेरॉइडचा अतिरेक आणि स्टेरॉइडची भीती शेजारी शेजारी नांदतात. माझ्या मते ही औषधशास्त्राइतकीच मोजमापाची समस्या आहे, आणि म्हणूनच भौतिकशास्त्राच्या माणसाने तिच्यावर बोलण्याचे धाडस करायला हरकत नसावी.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, शृंगस्तर, हा बहुतेक ठिकाणी केवळ दहा ते वीस मायक्रोमीटर जाडीचा असतो. केसाच्या जाडीहूनही कमी. या थराची रचना विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखी सांगितली जाते. मृत पेशी म्हणजे विटा; सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले म्हणजे चुना. एवढ्याशा भिंतीवर आपले ओले शरीर कोरड्या हवेत टिकून असते. निरोगी त्वचेतून दर चौरस मीटरमागे ताशी साधारण पाच ते दहा ग्रॅम पाणी घामाशिवाय निसटते. दिवसाकाठी हिशेब केला तर पेलाभराहून थोडे अधिक. इसबग्रस्त त्वचेत हा प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. फिकचा नियम शिकलेल्या विद्यार्थ्याला येथे फारसे नवे काही नाही. आतबाहेरच्या पाण्यातील तफावत आणि अडथळ्याची पार्यता यांवर प्रवाह ठरतो. पेच असा की, हा अडथळा निर्जीव पडदा नव्हे. हवा कोरडी झाली की केराटिन ताठर होते, जुन्या पेशी सुट्या करणाऱ्या विकरांना पाणी पुरत नाही, खपल्या धरतात, भेगा पडतात आणि पार्यता स्वतःच बदलते. म्हणजे समीकरणातला स्थिरांक स्थिर राहत नाही. उत्तरेकडच्या हिवाळ्यात एकाएकी उसळणारा इसब आणि कोकणच्या दमट उन्हाळ्यात घामाने चिघळणारा इसब यांना एकाच सल्ल्याने हाताळता येत नाही, ते यामुळेच.

या भिंतीच्या विटा काहींच्या जन्मतःच कच्च्या असतात. डंडी येथील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, फिलॅग्रिन या प्रथिनाचे जनुक निकामी झाल्यास इसबाचा धोका लक्षणीय वाढतो. फिलॅग्रिनचे विघटन होऊन जे रेणू तयार होतात, तेच शृंगस्तरात पाणी धरून ठेवतात आणि त्याची आम्लता राखतात. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, तर आपल्या नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. रोज दोनदा फेस करून अंग ‘स्वच्छ’ करणारा इसबाचा रुग्ण आपली भिंत रोज खरवडत असतो. तथापि जनुक ही संपूर्ण कथा नव्हे. फिलॅग्रिन धडधाकट असूनही इसब झालेले रुग्ण पुष्कळ आहेत. रोगप्रतिकारक यंत्रणेचे इंटरल्यूकिन-४ आणि १३ हे निरोपे दाह भडकवतात आणि फिलॅग्रिनची निर्मितीही मंदावतात. इंटरल्यूकिन-३१ खाज चेतवते, खाजवल्याने भिंत आणखी ढासळते, आणि त्या पडझडीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू बिऱ्हाड थाटतो. ‘हा बाहेरचा रोग की आतला?’ हा वाद आपल्याकडे अजून रंगतो. ‘रक्त अशुद्ध झाले’ हे त्याचे घरगुती रूप. चक्रात आत आणि बाहेर असा भेद उरत नाही, हे त्याचे साधे उत्तर आहे.

मोजमापाकडे येतो. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढे मलम बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. हे एकक १९९१ पासून त्वचारोगशास्त्रात रूढ आहे. एवढी सुटसुटीत गोष्ट आपल्याकडे किती रुग्णांना सांगितली जाते? ‘पातळ थर लावा’ ही सूचना म्हणजे प्रयोगशाळेत ‘थोडे आम्ल घाला’ म्हणण्यासारखे झाले. याच एककाने हिशेब केल्यास प्रौढाच्या सर्वांगाला एकदा लावायला सुमारे वीस ग्रॅम मलम लागते. म्हणजे पंधरा ग्रॅमची ट्यूब एका वेळेलाही पुरणार नाही. स्निग्धलेपाच्या बाबतीत तर ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगतात. नखाएवढ्या डबीतून महागडे मॉइश्चरायझर बोटाने टिपून लावणारी कुटुंबे पैसे खर्चूनही उपचाराविना राहतात. सुगंधविरहित साधे पेट्रोलियम जेली अंग ओलसर असतानाच भरपूर लावणे हे त्याहून स्वस्त आणि बहुधा अधिक उपयुक्त. दमट हवेत ते चिकट वाटते, हे खरे. तेथे हलके क्रीम बरे.

तेलांबद्दल दोन शब्द. सगळी तेले सारखी नसतात. उंदरांवरील प्रयोगांत मोहरीच्या तेलाने त्वचेच्या भिंतीची दुरुस्ती लांबवली, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती लवकर झाली. ऑलिव्ह तेलानेही प्रौढांच्या त्वचेची भिंत कमकुवत केल्याचे दिसले आहे. खोबरेल तेलाच्या बाजूने फिलिपिन्समधील बालरुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा पुरावा आहे. परंपरेने यांपैकी एक तेल उत्तरेत धरले आणि एक दक्षिणेत, ते पिकांमुळे. त्यात गूढ ज्ञान शोधण्याची घाई नको, आणि आजीला वेड्यात काढण्याचीही नको. आधुनिक मंडळींच्या आवडत्या कल्पनाही चाचणीत पडतात. नवजात बाळांना पहिले वर्षभर रोज स्निग्धलेप लावल्यास इसब टळेल, ही आकर्षक कल्पना ब्रिटनमधील सुमारे चौदाशे बाळांवरील चाचणीत २०२० साली खोटी ठरली. झालेल्या इसबावर लेप उपयोगी. न झालेला टाळायला नाही.

माझ्या स्वतःच्या हातांना प्रयोगशाळेतल्या अल्कोहोलने, ॲसिटोनने आणि दिवसभराच्या हातमोज्यांनी काही वर्षे इसबाची सोबत दिली होती. डॉक्टरांपुढे हात धरले तेव्हा लाली फारशी दिसत नव्हती. दिसत होता तो करडा-जांभळट काळवंडलेपणा. येथे एक भौतिक गोष्ट आहे, जिच्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. इसबाची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित गुणपद्धतींत लालीला गुण असतात. लाली म्हणजे हिमोग्लोबिनने ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या दरम्यान केलेले प्रकाशशोषण. मेलॅनिन याच पट्ट्यात, किंबहुना सगळ्या दृश्य वर्णपटात, प्रकाश शोषते. सावळ्या त्वचेवर दाह तेवढाच असूनही डोळ्याला तो कमी भासतो, गुण कमी पडतात आणि रोग ‘सौम्य’ ठरतो. सावळी त्वचा हीच जेथे सर्वसामान्य आहे, त्या देशाने गोऱ्या त्वचेवर घडलेल्या मोजपट्टीवर विसंबून राहावे, हे विचित्र आहे. दोन-तीन तरंगलांबींवर परावर्तन मोजून मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन वेगळे करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पाएवढे काम आहे. ते जिल्हा रुग्णालयात वापरता येईल अशा किमतीत आणणे हे त्याहून अवघड, पण आपल्या आवाक्यातले. याला वैज्ञानिक प्रतिष्ठा कमी मिळते, म्हणून ते होत नाही.

कायद्याबाबत थोडक्यात. त्वचारोगतज्ज्ञांनी देशातील बारा केंद्रांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. कित्येक जण तर गोरेपणासाठी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. निर्णय योग्यच होता. पण जेथे त्वचारोगतज्ज्ञ शंभर किलोमीटरवर आणि मेडिकल नाक्यावर असते, तेथे चिठ्ठीची सक्ती कागदावर राहते. आता नवी औषधे येत आहेत. जॅक-प्रतिबंधक गोळ्या खाज झपाट्याने थांबवतात, आणि त्यांपैकी टोफासिटिनिब आपल्याकडे स्वस्तात बनते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ साली या गटातील गोळ्यांवर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाबाबत सर्वांत कडक इशारा छापायला लावला. झपाट्याने गुण देणारे, स्वस्त, आणि देखरेखीवाचून धोकादायक : स्टेरॉइडच्या ट्यूबेचे वर्णन यापेक्षा वेगळे काय होते?

घरी औषधांचा खण असेल तर तेथील ट्यूब उलटून बारीक अक्षरे वाचा. ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारे नाव, उदाहरणार्थ बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, हे बहुधा स्टेरॉइड. त्याच्या जोडीला ‘कोनाझोल’ किंवा टर्बिनाफाइन आणि वर एखादे प्रतिजैविक असेल, तर ती ट्यूब अंदाजपंचे वापरण्यासाठीच जुळवलेली आहे. कोणी ती चेहऱ्यावर किंवा जांघेत महिनोन्‌महिने लावत असेल, तर घाबरून एका रात्रीत सोडू नये. सोडताच दाह उसळू शकतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना ती ट्यूबच सोबत न्यावी, आणि किती दिवसांत किती ट्यूब संपल्या तो आकडाही.