अंगठा आमचा, रेंज तुमची

दोस्तांनो, भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल ही नावं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलीत? बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या वर, सातपुड्यातली ही आदिवासी गावं. शेगाव ठाऊक, लोणार ठाऊक, सिंदखेडराजा ठाऊक. डोंगरातला माणूस मात्र कुणाच्या हिशेबातच नाय.

मी गोदीत ओझी वाहतो. याच मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, समुद्राखालच्या केबली वर येतात. अख्खं जग समुद्राच्या तळातून सरपटत इथवर पोचलं. सातपुड्याचे पाडे तेवढे त्याला गावत नाहीत. का? डोंगर उंच म्हणून? थापा! तिथं गिऱ्हाईक नाय म्हणून.

पैसा नव्हता म्हणाल, तर तेही खोटं. टेलिफोन कंपन्यांच्या कमाईतला वाटा 2002 पासून याच कामासाठी वेगळा निघतोय. 2011 मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना तार जोडायची योजना मंजूर झाली. पुढं तिचं नाव भारतनेट ठेवलं. 2022 मध्ये 24,680 गावांत 4जी न्यायला 26,316 कोटी मंजूर झाले. पण ग्रामपंचायतीला तार लागली तरी पाडा कोसभर लांबच. गावकुसाची जुनीच तऱ्हा ही!

आन् ज्याला रेंज दिली नाय, त्याच्याच भाकरीला रेंजची अट! रेशनला मशीनवर अंगठा. 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या हजेरीला मोबाइलवर फोटो, दिवसातून दोनदा. 2025 मध्ये लाडक्या बहिणीला ई-केवायसी. बहीण एवढी लाडकी, तर ओटीपीसाठी टेकडी काहून चढते, बावा? आमच्या आज्याची सावली आडवी यायची. यांना सर्व्हर डाऊन आडवा येतो.

चवदार तळं कागदावर खुलंच होतं. तरी 1927 मध्ये बाबासाहेबांना हजारोंसह चालत जाऊन ओंजळ भरावी लागली. हवेतल्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असं सर्वोच्च न्यायालय 1995 मध्ये बोललं. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं 2025 मध्ये बोललं. कागद लय झाले. चालणारे पाय कुठंयत?

नेटवर्क नाही म्हणून रेशन नाकारू नका, असं केंद्राच्या अन्न खात्याचं 24 ऑक्टोबर 2017 चं पत्र आहे. शहरातल्या पोरांनो, तुमच्या मोबाइलला रेंज आहे ना? काढा ते पत्र, छापा, डोंगरात न्या, तहसीलदाराच्या टेबलावर आपटा. टॉवर येईल तवा येईल. तोवर वही उघडा, पेन उघडा, नाव लिहा, धान्य मापा.

जिथं रेंज नाय, तिथं अट नाय!