जुळले नाही त्यांचे काय?

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, आपल्याकडच्या संध्याकाळी, महाराष्ट्रातल्या काही घरांत एका ई-मेलची वाट पाहिली जाते. मुलाला किंवा मुलीला अमेरिकेत निवासी डॉक्टरची जागा मिळाली की नाही, एवढेच त्यात असते. कोणत्या रुग्णालयात मिळाली, ते शुक्रवारी कळते. मग गावात अभिनंदनाचे फलक लागतात, क्लासच्या जाहिरातीत फोटो येतो. सोमवारीच ज्यांच्या पदरी नकार पडला, त्यांची चर्चा मात्र घरातही दबक्या आवाजात होते.

ही मंडळी थोडीथोडकी नाहीत. २०२४ च्या ‘मॅच’मध्ये अमेरिकेतच एमडी होत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक जणांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक नसलेल्या डॉक्टरांत हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होते. शिवाय ही टक्केवारी पसंतीक्रमाची यादी भरणाऱ्यांची आहे. ज्यांना मुलाखतीचे एकही बोलावणे आले नाही, ते बहुतेक जण या हिशेबात धरलेलेच नसतात.

आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश म्हणजे ‘नीट’चे गुण, गुणांवरून क्रमांक आणि क्रमांकावरून जागा. पालकांना वाटते, अमेरिकेतही तसेच असेल: यूएसएमएलईत चांगले गुण मिळाले की काम झाले. प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये अर्ज जातात, रुग्णालये त्यातून काही जणांनाच मुलाखतीला बोलावतात, आणि मग उमेदवार व रुग्णालये दोघेही आपापला पसंतीक्रम कळवतात. त्यानंतर संगणक जोड्या जुळवतो. या जुळणीमागचे गणित सुंदर आहे. त्याची आजची पद्धत बसवणारे अल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल लॉइड शॅपली यांच्यासह मिळाले. उमेदवाराने मनातला खरा क्रम लिहावा, त्यात त्याचे नुकसान होत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण गणित सुरू होते ते मुलाखतीनंतर. खरी चाळणी त्याआधीच लागलेली असते आणि ती माणसे लावतात.

जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला गुण देणे बंद झाले; आता फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. विद्यार्थ्यांवरचा ताण कमी करण्याचा त्यामागचा हेतू चांगलाच होता. मात्र नागपूर किंवा मिरजेच्या, तिकडे कोणी न ओळखणाऱ्या मुलाकडे उंच गुण हेच एक हत्यार होते, ते बोथट झाले. भार पडला दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर, अमेरिकी डॉक्टरांच्या शिफारसपत्रांवर, तिथल्या अनुभवावर आणि शोधनिबंधांवर. जिथे गरज तिथे बाजार. पैसे घेऊन तिथल्या दवाखान्यात महिनाभर उभे राहू देणारे दलाल आले. मागे हात बांधून रुग्ण पाहणे म्हणजे अनुभव नव्हे, हे मुलाखत घेणाऱ्यालाही कळते. एमबीबीएसचा विद्यार्थी असतानाच तिथल्या एखाद्या महाविद्यालयात रीतसर इलेक्टिव्ह मिळाले, तर त्याचे मोल कितीतरी अधिक. फुटलेल्या प्रश्नांच्या बाजाराबद्दल तर बोलायलाच नको. २०२४ च्या सुरुवातीला नेपाळशी संबंधित शेकडो परीक्षार्थींचे निकाल रद्द झाले, ही ताजी गोष्ट आहे.

सर्वांत मोठा तोटा कशात होतो, तर वॉर्ड सोडण्यात. सर्पदंश, क्षयाचा मेंदूज्वर, प्रसूतीतला रक्तस्राव हे सगळे इंटर्नशिपमध्ये हाताळलेला डॉक्टर इंटर्नशिप संपताच अभ्यासिकेत जाऊन बसतो, दोन-तीन वर्षे. तिकडच्या अनेक रुग्णालयांत पदवी मिळून किती वर्षे झाली हे पाहून अर्ज बाजूला पडतो, आणि मधल्या काळात रुग्ण पाहिले का, हे विचारले जाते. म्हणजे तयारीसाठी घेतलेला वेळच अर्जाला मारक ठरतो. त्यात खर्च वेगळा: प्रत्येक परीक्षेला हजार डॉलरच्या घरात शुल्क, प्रत्येक अर्जाचे पैसे, प्रवास. भीतीपोटी शंभर-दीडशे ठिकाणी अर्ज टाकले जातात आणि घरावरचे कर्ज वाढते.

जागा मिळाली तरी पुढे व्हिसा आहे. बहुतेकांना जे-१ मिळतो. त्याची अट म्हणजे शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतणे. सूट हवी असेल तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी. प्रत्येक राज्याला अशा वर्षाला तीसच जागा. दुसरा मार्ग एच-१बीचा. त्याच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याची घोषणा झाली. अमेरिकेतले सुमारे चौथा हिस्सा डॉक्टर परदेशात शिकलेले आहेत आणि त्यात भारतीय सर्वाधिक. ज्यांच्यावाचून तिथल्या खेड्यापाड्यांतले दवाखाने चालत नाहीत, त्यांच्याच वाटेत इतके अडथळे ठेवणारी ही व्यवस्था अजब म्हणावी लागेल.

म्हणून कोणी जाऊच नये, असे नाही. तिथले पदव्युत्तर शिक्षण उत्तम आहे, भारतात त्याला मान्यताही आहे. शिकून परतलेल्याला इथे काम करता येते. पण घरातल्या मोठ्यांनी मुलाशी बसून आधीच ठरवावे, की प्रयत्न किती, एक की दोन, आणि कर्ज किती. दुसऱ्या नकारानंतर खोलीतून बाहेर न येणाऱ्या, फोन न उचलणाऱ्या तरुण डॉक्टरला ‘अजून एकदा बघ’ म्हणणे हा धीर नव्हे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला त्याला कमीपणा वाटतो, डॉक्टर असूनही. म्हणून सोबत जावे.

वैद्यकीय महाविद्यालयांनाही करण्यासारखे आहे. आपले किती माजी विद्यार्थी अर्ज करतात आणि किती जणांना जागा मिळते, ही आकडेवारी त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या वर्गापुढे मांडावी. विभागप्रमुखांनी शिफारसपत्र ठरावीक मजकुराचे न देता त्या विद्यार्थ्याने काय केले ते लिहावे. आणि शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी बॉण्ड टाळण्याआधी थांबून विचार करावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातले ते एक वर्ष अर्जात रुग्णसेवा म्हणून नोंदवता येते, महिन्याला पगार मिळतो, आणि मार्चमधल्या सोमवारी काहीही कळले तरी मंगळवारी सकाळी ओपीडी असते.