मत तुमचं, बाळ तिचं

१ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. पोस्टर स्पर्धा होते, रॅली निघते, फोटो स्टेटसवर जातात आणि आठ तारखेला विषय संपतो. खरं काम सुरू होतं ते त्यानंतर. बाळंतिणीजवळ बसून तिचं ऐकणारी, बाळाला छातीशी नीट कसं धरायचं ते दाखवणारी माणसं आपल्याकडे हवीत. परतवाडा म्हणजे मेळघाटाचा पायथा. चिखलदरा-धारणीकडच्या कुपोषणाच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचत आलोय.

पण ‘स्वयंसेवक व्हा’ म्हटलं की बरेच जण मागे सरतात. ‘मला ते सगळं पटत नाही ना!’ कुणी स्वतः डब्याच्या दुधावर वाढलेलं असतं. कुणाला ‘आईचं दूध अमृत’ ही घोषणा आईवरच ओझं टाकणारी वाटते. कुणी म्हणतं, शरीर तिचं, निर्णय तिचा, आपण कोण सांगणारे?

मित्रांनो, तुम्ही याच. फक्त मत आणि माहिती यातला फरक पक्का करून या.

माहिती साधी आहे. जन्मानंतर तासाभरात स्तनपान, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, आपल्या सरकारचा २०१६चा ‘माँ’ कार्यक्रमही हेच सांगतो. पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, फेकायचा नाही. बाळाला आजारांशी लढायला तोच मदत करतो. मे महिन्यात आजी म्हणेल, ‘लेकराचा घसा सुकन ना बाप्पा, घोटभर पाणी तं द्या!’ तिची माया खरी आहे. पण आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. वरच्या पाण्यानं जंतू पोटात जाऊ शकतात आणि बाळ दूध कमी पितं. हे तुमचं मत काहीही असो, सांगावंच लागेल. चीक फेकावा असं ज्याला वाटतं, त्यानं आधी शिकावं.

मत मात्र चपलांसोबत दाराबाहेर ठेवा. नोकरदार बाईला २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला ती कोण देणार? ‘सहा महिने अंगावरच पाज’ एवढं सांगून परत येणं सोपं आहे. वावर किती दूर, बाळाजवळ कोण असतं, बाळाला सोबत नेता येईल का, हे विचारणं अवघड. एखादीला आजारपणामुळे पाजता येत नाही. ती अपराधी वाटून घेत बसता कामा नये. ज्याच्या मनात शंका आहेत, त्याला हे प्रश्न लवकर सुचतात. म्हणून तर तो हवा.

‘शंकेखोर लोक गोंधळच वाढवतील,’ हा आक्षेप खोटा नाही. बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून एक रेघ पक्की: डब्याच्या दुधाची भलामण करायची नाही. डब्याला स्वच्छ पाणी, उकळलेली भांडी, नेमकं माप आणि दर महिन्याला पैसा लागतो. पैसा कमी पडला की दूध पातळ होतं, पाणी खराब असलं की जुलाब लागतात. १९९२च्या कायद्यानं अशा दुधाच्या जाहिराती आणि फुकट नमुने उगाच बंद केलेले नाहीत.

या कामाला विदर्भाचा वारसाही आहे. स्तनपानासाठी देशभर काम करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ मध्ये वर्ध्यात सुरू झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते जगापुढे मांडलं. त्या बायका डॉक्टर नव्हत्या, गावच्या होत्या. त्यांचं ऐकलं गेलं ते म्हणूनच.

तर आपल्या भागातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला भेटा. पहिल्या दोन-चार घरी नुसतं ऐका. मेळघाटातल्या आईशी बोलायला कोरकूचे चार शब्द शिका. पोरांनो, तुम्ही नवऱ्यांशी बोला. घरात बाळंतिणीला विसावा मिळतो की नाही, हे बरंचसं त्यांच्यावर असतं. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त किंवा थंड पडलं असेल, तर सल्ला देत बसू नका. थेट दवाखाना गाठा. आणि एखाद्या आईनं सगळं ऐकून वेगळा निर्णय घेतला, तरी पुढच्या आठवड्यात तिच्या दारी पुन्हा जा.