स्वस्त स्विच आणि परवडणारा स्विच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावचे एक ग्रामपंचायत सदस्य तीन कोटेशनं घेऊन आले. ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी आणि दवाखाना फायबरने जोडायचाय, त्यासाठी स्विच घ्यायचेत. तिन्ही कागदांवर एकच ओळ होती, "२४ पोर्ट नेटवर्क स्विच", आणि पुढे दर. सगळ्यात कमी दराला पेनाने गोल केलेला. म्हणाले, "दादा, एकदा नजर टाका, बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, बरोबर नाही. ते म्हणाले, "अहो, सगळ्यात कमी दर हाच आहे की!"

हे एका सदस्याचं अज्ञान नाही. तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत आपली खरेदी याच एका वाक्यावर चालते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी फायबर इंटरनेटचा धंदा करतो. आधी केबल होती, आता डेटा. स्विच म्हणजे काय हे सोप्या भाषेत सांगतो. फायबरवरून आलेलं इंटरनेट ज्या पेटीत येतं आणि जिथून घराघरात वाटलं जातं, ती पेटी. शेताच्या पाइपलाइनवरचा व्हॉल्व्ह जसा, तसाच हा. पाइप कितीही भारी टाका, व्हॉल्व्ह फुटका असेल तर शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही. गावोगावी फायबर पोचूनही नेट का चालत नाही, याची बरीच उत्तरं या पेटीत आहेत.

आता माझीच चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्यावर दगड मारल्यासारखं होणार नाही.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी एका तीन मजली इमारतीत कनेक्शनं दिली. खाली दुकानं, वर घरं. तळमजल्यापर्यंत फायबर, तिथे स्विच, तिथून घरोघर कॅट-सिक्सची वायर. पैसे वाचवायचे म्हणून मी साधा, सेटिंग नसलेला स्विच लावला. लाईट लागली की झालं काम! पुढे जुलैच्या शेवटी वरच्या मजल्यावरच्या एका गिऱ्हाइकाने नवा राउटर आणला आणि आमची वायर चुकीच्या भोकात खोचली. वॅनऐवजी लॅनमध्ये. झालं. त्याचा राउटर अख्ख्या इमारतीला स्वतःचे पत्ते वाटायला लागला. सगळ्यांचं वायफाय कनेक्टेड दिसतंय, पण नेट कुणालाच नाही.

खाली एक सेवा केंद्र होतं. पीक विम्याचे शेवटचे दोन दिवस, बाहेर शेतकऱ्यांची रांग. दोष सापडायला मला तीन तास लागले, कारण साध्या स्विचला कुठल्या पोर्टवर काय चाललंय हे विचारताच येत नाही. एकेक वायर उपटून बघत बसलो होतो. तोवर स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावून दिलं, त्यावर किती अर्ज होणार? काही म्हातारी माणसं उद्या येतो म्हणून परत गेली. त्यांच्या येण्या-जाण्याचा आणि बुडालेल्या दिवसाचा खर्च माझ्या कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

मॅनेज्ड स्विच असता तर डीएचसीपी स्नूपिंग नावाची एक सोय चालू करून ठेवली असती. पत्ते वाटायचा अधिकार फक्त वरून येणाऱ्या पोर्टला, बाकी कुणी वाटायला लागला तर तिथेच अडवायचा. इमारतीत कुणाला काही कळलंही नसतं.

आता हिशेब मांडतो. आकडे माझ्या धंद्यातले आहेत, तुमच्याकडे थोडे इकडे-तिकडे होतील. साधा २४ पोर्टचा स्विच ६ हजार धरा. कामाचा मॅनेज्ड, फायबरची चार पोर्टं असलेला, १६ हजार धरा. फरक १० हजारांचा. कोटेशनच्या कागदावर हा फरक डोळ्यात भरतो. पण त्या स्विचवर २० कनेक्शनं आहेत आणि तो ५ वर्षं चालवायचा आहे. १० हजार भागिले २०, भागिले ६० महिने. एका कनेक्शनमागे महिन्याला ८ रुपये ३३ पैसे. एक कटिंग चहा!

उलट बाजू बघा. बंद पडलेल्या ठिकाणी पोरगा पाठवायचा, पेट्रोल आणि त्याचा वेळ मिळून फेरीला २५० रुपये. चाळीस फेऱ्या झाल्या की तेच १० हजार संपले. पाच वर्षांत चाळीस म्हणजे वर्षाला फक्त आठ. माझ्या त्या स्वस्त स्विचसाठी पहिल्याच पावसाळ्यात अकरा फेऱ्या झाल्या होत्या, त्यातल्या निम्म्या नुसत्या बंद करून चालू करण्यासाठी.

म्हणून म्हणतो, स्वस्त म्हणजे पहिलं बिल कमी. परवडणारं म्हणजे पाच वर्षांची सगळी बिलं मिळून कमी. आपली सरकारी खरेदी फक्त पहिलं बिल वाचते.

दुसरी गोष्ट, वेगाची. गावात आम्ही ओएलटी बसवतो, त्यातून एकेका फायबरवर ६४ घरांपर्यंत कनेक्शनं निघतात. आठ पोर्टांच्या ओएलटीवर ५१२ घरं झाली. जीपॉनच्या एका पोर्टला खाली येणारा वेग साधारण २.५ गिगा असतो, म्हणजे ओएलटीची ताकद भरपूर. पण त्याच्या मागे पैसे वाचवून एक गिगाच्या अपलिंकचा स्विच लावला, तर सगळी ५१२ घरं त्या एका गिगावर आली. भागाकार करा, घरटी २ एमबीपीएसच्याही आत. सगळे एकदम पूर्ण वेगाने वापरत नाहीत हे मलाही कळतं. पण मॅचच्या रात्री आणि परीक्षेच्या निकालादिवशी वापरतात, आणि नेमकं तेव्हाच आमचे फोन वाजतात. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. आपण पाटी १०० एमबीपीएसची लावतो आणि मागच्या एका स्विचपायी गर्दीच्या वेळी त्या मर्यादेच्या खाली जातो. तिथे दहा गिगाचं अपलिंकच पाहिजे.

तिसरी गोष्ट, हवा आणि लाईट. डेटाशीटवर "० ते ४० अंश" लिहिलेलं असतं. ते एसी ऑफिससाठी. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२ होतं, आणि पेटी पत्र्याची, गच्चीवर, उन्हात. आत काय होत असेल ते हात लावून बघा. पंखेवाला स्विच धुळीने चोंदतो, म्हणून शक्यतो बिनपंख्याचा आणि जास्त तापमान सोसणारा घ्यावा. वळवाच्या पावसात वीज पडली की दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर ओढलेल्यांची पोर्टं उडतात. तिथे फायबरच हवी आणि अर्थिंग खरंच जमिनीत गेलेलं हवं. लाईट गेल्यावर किती तास चालणार याचा हिशेब स्विच घेतानाच करावा लागतो. १५ वॅटचा स्विच वर्षभर चालला की साधारण १३१ युनिट खातो. हेही कोटेशनमध्ये नसतं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे म्हणतात, "फालतू गोष्टी नकोत, मोठा ब्रँडच घ्या." माझं भांडण यांच्याशीही तेवढंच आहे. गावातल्या चाळीस कनेक्शनांना डेटा सेंटरचा स्विच लावायचा, मग त्याचं लायसन्स दरवर्षी भरायचं, आणि त्यात दुसऱ्या कंपनीचं फायबर मॉड्यूल घातलं की स्विच ते ओळखायलाच नकार देणार. तेच मॉड्यूल शिक्का मारून कितीतरी पट भावाने घ्यायचं. काही टेंडरांच्या अटी वाचल्या की एकाच कंपनीचं पत्रक समोर ठेवून लिहिल्यासारख्या वाटतात. कमी दराचा आंधळेपणा आणि ब्रँडचा आंधळेपणा या दोन्हींत एक गोष्ट समान आहे, काम काय करायचंय हे कुणीच लिहीत नाही.

काही जण म्हणतील, ही छोटी बाब आहे. मग मोठी बघू. २०११ मध्ये सगळ्या ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. किलोमीटर मोजले, ग्रामपंचायती मोजल्या. पेटी चालू आहे का, हे मोजणं मागे राहिलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर केली. त्यात एका बाजूने फायबर तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहील अशी रिंग आहे, बॅटरी बॅकअप आहे आणि दहा वर्षांची देखभाल आहे. म्हणजे वायर टाकून काम संपत नाही हे दिल्लीला कळायला बारा वर्षं लागली. तालुक्यातल्या कोटेशनच्या कागदाला अजून कळलेलं नाही. वर रिंग आणि दहा वर्षांची देखभाल, आणि खाली शाळेत देखभालीचा एक शब्दही नसलेला एल-वनचा स्विच. साखळी तिथेच तुटणार.

सुरक्षेचंही तसंच. १५ जून २०२१ पासून परवानाधारक कंपन्यांना विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांचीच उपकरणं जाळ्यात जोडायचं बंधन आहे. नियम बरा आहे. पण विनाबिलाचा, फर्मवेअर कधीच अपडेट न होणारा, पासवर्ड अजून "अ‍ॅडमिन" असलेला स्विच गल्लीत लटकत असेल, तर वरच्या नियमाने खाली काय फरक पडला?

एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर देतो. "लहान ऑपरेटरकडे भांडवल कुठंय? तो १६ हजारांचा घेणार कसा?" खरं आहे. मीही त्याच अडचणीतून गेलोय. माझं उत्तर, सगळीकडे भारी घेऊ नका. जिथे बिघाड झाला तर एकच घर बंद पडतं, तिथे साधा चालेल. जिथे वीस घरं किंवा एक दवाखाना बंद पडतो, तिथे मॅनेज्ड. जिथे अख्खं गाव बंद पडतं, तिथे दहा गिगा आणि दोन पॉवर सप्लाय. पैसा तिथे घाला जिथे बिघाडाची झळ जास्त लोकांना बसते.

त्या सदस्यांना मी शेवटी कोटेशनच्या कागदामागे सात ओळी लिहून दिल्या. तुम्हीही घ्या, ग्रामसभेत वाचा:

१. मॅनेज्ड हवा. व्हीलॅन, डीएचसीपी स्नूपिंग, लूप ओळखून पोर्ट बंद करणं आणि एका पोर्टला दुसऱ्यापासून वेगळं ठेवणं, हे सगळं चालू करून दाखवायचं.
२. अपलिंक किती घरांसाठी आहे त्याचा भागाकार कोटेशनवर लिहायचा.
३. कुठल्याही कंपनीचं प्रमाणित फायबर मॉड्यूल चाललं पाहिजे.
४. बसवायच्या जागेच्या तापमानाला आणि लाईटच्या वेळापत्रकाला टिकेल असा.
५. दहा स्विचमागे एक जादा, तालुक्यातच ठेवलेला. बदलून मिळायला पंधरा दिवस लागत असतील तर वॉरंटी नुसती कागदावर.
६. अपडेट किती वर्षं मिळणार ते लेखी.
७. दर पाच वर्षांचा द्यायचा. स्विच, देखभाल, वीज, सगळं मिळून. आणि त्यातला सगळ्यात कमी खुशाल निवडा.

सातवी ओळ वाचून ते हसले. म्हणाले, "म्हणजे शेवटी एल-वनच की." हो, एल-वनच. माझा विरोध कमी दराला कधीच नव्हता. आता ते ही सात कलमं घालून नवी कोटेशनं मागवणार आहेत. साहेब म्हणतात, फाइलला उशीर होईल. होऊ द्या. पेटी लागल्यावर शाळा महिनाभर बंद पडण्यापेक्षा आत्ता आठवडाभर फाइल थांबलेली बरी.

तुमच्या गावातल्या ग्रामपंचायतीत जा आणि ती पेटी कुठे आहे विचारा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे तेही विचारा. लाईट पेटतेय का बघा. नसेल, तर कुणी, कधी आणि किती दराने घेतली हा प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारायचा हक्क तुमचा आहे.