मॅमोग्राफीचा रिपोर्ट आला. आता पुढे काय?

ऑक्टोबर महिना आला की मुंबईच्या उपनगरांत स्तनांच्या तपासणीची शिबिरे सुरू होतात. सोसायटीच्या फळ्यावर कागद लागतो, महिला मंडळ नावे गोळा करते आणि एका रविवारी चाळीस-पन्नास बायकांची मॅमोग्राफी उरकते. आठ मार्चलाही तेच. गावाकडच्या कित्येक आया त्या सुमारास अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या लेकीकडे आलेल्या असतात. 'आई, आलीच आहेस तर तुझीही करून घेऊ' असे म्हणून त्यांचेही नाव यादीत जाते. तपासणी झाली यात वाईट काहीच नाही. पण आठवड्याने जो लिफाफा हाती येतो, तो उघडल्यावर काय करायचे हे मात्र कुणीच सांगितलेले नसते.

मग त्या लिफाफ्याचे दोनच प्रकारे स्वागत होते. एक तर घरात रडारड सुरू होते, किंवा लिफाफा कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो. रडारड परवडली, कारण रडणारे निदान डॉक्टरकडे तरी जातात. कपाटातला लिफाफा अधिक घातक. माझे मत स्पष्ट आहे : ज्या तपासणीनंतर पुढचे कोण पाहणार हे ठरलेले नाही, ती तपासणी अर्धीच झाली. आणि उरलेली अर्धी पुरी करून घेणे हे आता आपल्याच हाती असते.

रिपोर्टातला आकडा काय सांगतो?

मॅमोग्राफीच्या रिपोर्टाच्या शेवटी 'बायरॅड्स' असा शब्द आणि त्यापुढे शून्य ते सहा यांपैकी एक आकडा असतो. ही पद्धत अमेरिकेतील क्ष-किरण तज्ज्ञांच्या संस्थेने १९९३ साली आणली आणि आज ती आपल्याकडेही सर्रास वापरली जाते. हा आकडा म्हणजे कॅन्सरची पायरी नव्हे. 'माझा कॅन्सर चौथ्या स्टेजचा आहे' असे म्हणत हातपाय गाळून बसलेल्या बायका भेटतात. प्रत्यक्षात त्यांच्या रिपोर्टात बायरॅड्स चार लिहिलेले असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

शून्य म्हणजे चित्र अपुरे आहे. आणखी काही फिल्म काढा, सोनोग्राफी करा किंवा जुनी फिल्म आणून दाखवा, एवढाच त्याचा अर्थ. एक म्हणजे सर्व ठीक. दोन म्हणजे काहीतरी दिसते आहे, पण ते निरुपद्रवी आहे. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी; यात कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नसते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. चार म्हणजे संशय आहे, सुईने तुकडा घेऊन तपासा. मात्र या चारचा पल्ला फार मोठा आहे, शंभरात दोनपासून पंचाण्णवपर्यंत. म्हणून त्याचे अ, ब, क असे पोटभाग करतात. आपल्या रिपोर्टात कोणता लिहिला आहे ते डॉक्टरांना विचारावे. पाच म्हणजे संशय दाट आहे. सहा हा आकडा कॅन्सरचे निदान आधीच झालेल्यांसाठी असतो.

अमेरिकेत वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी सांगतात की, हजार बायकांची मॅमोग्राफी केली तर साधारण शंभरजणींना पुन्हा बोलावले जाते. त्या शंभरांतून कॅन्सर निघतो तो पाचजणींच्या आसपास. बाकीच्यांना पाण्याची गाठ असते, तरुणपणापासूनची साधी गाठ असते, जुन्या गळवाचा व्रण असतो, नाही तर दोन पडदे एकावर एक आल्याने पडलेली नुसती सावली असते. आपल्याकडे तर स्तनाचा क्षयरोगही कधीकधी गाठीचे सोंग घेऊन येतो. तेव्हा पुन्हा बोलावणे आले म्हणजे निकाल लागला असे समजू नये. पण ती पाचवी बाई मी नसेनच, असेही घरबसल्या ठरवू नये.

आणखी एक गैरसमज. रिपोर्टात 'कॅल्सिफिकेशन' हा शब्द दिसला की कित्येक बायका कॅल्शियमच्या गोळ्या बंद करतात, कुणी दूध सोडते. स्तनात दिसणारे हे चुन्याचे कण खाण्यातून येत नाहीत. मोठे, जाडसर कण बहुतेक वेळा वयाने किंवा जुन्या गाठीने येतात. बारीक, एका जागी घोळक्याने जमलेल्या कणांकडे मात्र लक्ष द्यावे लागते. हाडांसाठी चाललेल्या गोळ्यांचा यात काही दोष नाही.

मनिला आणि मुंबई

पाठपुरावा किती महत्त्वाचा, हे दाखवणारी दोन उदाहरणे आहेत. पहिले फिलिपाइन्सचे. तिथे मनिला शहरात नव्वदच्या दशकात सुमारे १ लाख ३८ हजार बायकांचे स्तन प्रशिक्षित परिचारिकांनी हाताने तपासले. सुमारे साडेतीन हजार बायकांत काहीतरी आढळले. त्यांना पुढील तपासणीसाठी पाठवले गेले, त्यांच्या घरी जाऊनही विनवले गेले. तरी ही तपासणी पूर्ण केली ती फक्त ३५ टक्क्यांनी. चाळीस टक्क्यांहून अधिक बायकांनी सरळ नकार दिला. अखेर पहिल्या फेरीनंतर ती योजना थांबवावी लागली. गाठ सापडली होती, डॉक्टर तयार होते. बाईच आली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे आणि अभिमानाचे आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यात ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक बायका होत्या. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी व्हायची. ती करणाऱ्या कुणी डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, याच कामासाठी तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. अशा चार फेऱ्या झाल्या आणि पुढे वर्षानुवर्षे माहिती ठेवली गेली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे.

यातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली अशी की, महागड्या यंत्राइतकेच तयार हात आणि सातत्य यांना मोल आहे. दुसरी अशी की, तिशीतल्या मुलीला पॅकेजमध्ये मॅमोग्राफी 'फुकट' मिळते म्हणून ती करू नये. त्या वयात स्तन घट्ट असतात, फिल्मवर नीट दिसत नाही, आणि शंकाच जास्त निघतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही मॅमोग्राफीची शिफारस मुख्यतः ५० ते ६९ या वयासाठी, दर दोन वर्षांनी अशी केली आहे. घरात आई-बहिणीला हा आजार झालेला असेल तर गोष्ट वेगळी. मग कधीपासून तपासायचे ते डॉक्टरांनी ठरवावे. आणि गाठ हाताला लागत असेल तर वय कितीही असो, फिल्म स्वच्छ आली तरी, ती गाठ डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. मॅमोग्राफीलाही काही गाठी चुकतात.

घाई किती आणि धीर किती?

रिपोर्ट आल्यावर रात्रीतून धावत सुटण्याची गरज नाही. चार दिवस गेले, पंधरा दिवस गेले, तर बिघडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला, पैशांची सोय बघायला एवढा वेळ पुरतो. पण महिने जाता कामा नयेत. लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत तीन महिन्यांहून अधिक वेळ गेलेल्या बायकांचे आयुर्मान कमी भरते, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून १९९९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये दाखवले गेले आहे. आपल्याकडे महिने कसे जातात ते सर्वांना ठाऊक आहे. 'गणपती होऊ देत.' 'दिवाळी आहे, घरात पाहुणे आहेत.' 'मुलाची बारावी आहे.' 'मुलीचे बघणे चालू आहे, बाहेर कळले तर?' प्रत्येक कारण आपापल्या जागी खरे असते; पण अशी कारणे जोडत गेले की वर्ष उलटते.

ज्यांना सहा महिन्यांनी बोलावले आहे, त्यांनी ती तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी. पुढच्या वर्षात जात असेल तर नवे कॅलेंडर लावताना पहिली नोंद तीच करावी. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवावेत. मागची फिल्म शेजारी ठेवून पाहिली की 'हे तर पूर्वीपासून आहे' असे दिसून अर्ध्या शंका जागेवरच मिटतात.

सुईची भीती

'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' हे वाक्य ऐकले नाही असा डॉक्टर महाराष्ट्रात सापडणार नाही. या एका वाक्याने जितके नुकसान केले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. सुईच्या तपासणीने आजार वाढत नाही. जागा बधिर करून जाड सुईने धाग्याएवढे तुकडे घेतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. त्या तुकड्यावरून निव्वळ निदान होत नाही, तर पुढे कोणते औषध लागू पडेल हेही कळते.

उलट माझा आग्रह असा की, सुईची तपासणी केल्याशिवाय गाठ कुणालाही कापून काढू देऊ नये. 'छोटीशीच आहे, काढून टाकू' असे म्हणून एखाद्या नर्सिंग होममध्ये गाठ काढली जाते, आणि नंतर ती कॅन्सरची निघाली की सगळी शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. आधी डॉक्टरांनी हाताने तपासावे, मग फिल्म आणि सोनोग्राफी, मग सुई. या तिन्हींचा मेळ बसला की निर्णय. तिन्हींत विसंगती असेल तर थांबून पुन्हा पाहायचे. आणि निदान झालेच, तर संपूर्ण स्तन काढावाच लागतो असेही नाही. आजार लवकरचा असेल तर गाठीपुरता भाग काढून वर किरणोपचार दिले, तरी आयुष्य तितकेच राहते. इटली आणि अमेरिकेतील वीस-वीस वर्षांच्या अभ्यासांनी २००२ साली ते सिद्ध केले आहे.

जायचे कुठे?

ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी आणि शस्त्रक्रिया विभागाची ओपीडी गाठावी. घाटकोपरला राजावाडी आहे, विलेपार्ल्याला कूपर आहे. शीव, केईएम आणि नायर ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. परळचे टाटा सर्वांना माहीत आहेच. मुलुंड-घाटकोपरहून धीम्या लोकलने परळला उतरावे, बोरिवली-अंधेरीहून प्रभादेवीला. गर्दी असते, सकाळी लवकर निघावे लागते. सोबत कुणीतरी असावे, आणि विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, कारण डॉक्टरांसमोर बसले की निम्मे विसरतात. माझा आकडा कोणता? पुढची तपासणी कोणती आणि कधी? निकाल किती दिवसांत? काही निघाले तर उपचार इथेच होतील का? एवढे चार प्रश्न पुरेत. खर्चाच्या धास्तीने थांबू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात; शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असू द्यावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

शेवटचे दोन शब्द घरच्यांसाठी. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. यांपैकी कितीजणींनी गाठ वेळेवर सांगितली असेल, पण घरात कुणाला सवड झाली नसेल? आई स्वतःहून म्हणणार नाही की मला परळला घेऊन चला. ती म्हणेल, 'काही नाही गं, दुखत तर नाही.' सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाहीच. म्हणून रिपोर्ट तिच्यापासून लपवूही नये आणि तिच्या एकटीवर सोडूही नये. देह तिचा, निर्णय तिचा. रजा काढून सोबत जाणे मात्र घरच्यांचे काम.

आणि शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना हात जोडून एक विनंती. पुढच्या वेळी नावांच्या यादीत एक रकाना वाढवा : 'पुढे कोण पाहणार?' तो रकाना भरेपर्यंत तुमचे शिबिर संपले असे समजू नका.