रखवालदार मिळाला, किल्ली गेली

२०११ सालच्या रामलीला मैदानाचा विषय निघाला की आमच्या घराण्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, अण्णांचं उपोषण हा नुसता तमाशा होता, त्यातून निघालं काय? दुसरा तट जास्त शहाणा. तो म्हणतो, कायदे करायला संसद आहे, मैदानात बसून कायदे होत नसतात. परवा पुतण्याने याच अर्थाचं एक लांबलचक फॉरवर्ड पाठवलं आणि आधाराला बाबासाहेबांचं नाव घातलं. मी आयुष्यभर इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं (नागरिकशास्त्र पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची, ती गोष्ट वेगळी), तेव्हा मला गप्प बसवेना.

बाबासाहेबांपासूनच सुरुवात करू. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी सत्याग्रह, असहकार हे मार्ग आता सोडायला सांगितले आणि त्यांना अराजकाचं व्याकरण म्हटलं, हे खरं आहे. पण त्याला अट होती : घटनात्मक मार्ग खुले असतील तर. फॉरवर्डमध्ये नेमकी ती अट गळाली होती! त्याच भाषणात राजकारणातल्या व्यक्तिपूजेविरुद्धही इशारा आहे. तो मैदानात 'मी अण्णा' अशा टोप्या घालून फिरणाऱ्यांनी वाचायला हवा होता. म्हणजे एकच भाषण, आणि दोन्ही तटांनी अर्धं अर्धं वाचलेलं.

आता मार्ग किती खुले होते ते बघा. लोकपालाचं पहिलं विधेयक १९६८ चं. १९६९ मध्ये लोकसभेने ते मंजूर केलं, पण लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडालं. त्यानंतर सरकारं आली, गेली, विधेयकं मांडली गेली, बुडाली. २०११ उजाडेपर्यंत ४३ वर्षं! एवढी वर्षं वाट पाहून लोक मैदानात आले, तर त्यांना उतावळे म्हणायचं?

पुढची गंमत तर संसदवाद्यांनी जरूर ऐकावी. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी रीतसर कायदा केला. पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. पाच वर्षं खुर्ची रिकामी. कारण काय, तर निवड समितीवर बसायला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यासाठी नेमणूक अडवायची गरज नाही, तरी आणखी दोन वर्षं गेली. संसद श्रेष्ठ आहे म्हणून आम्हाला शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पाच वर्षांत विचारलं, की बाबांनो, संसदेचाच शब्द आहे, तो का पाळत नाही? (२०२५ च्या ऑक्टोबरात त्याच लोकपाल कार्यालयाने सात बीएमडब्ल्यू गाड्यांची निविदा काढली. त्यावर मी काही लिहीत नाही, मला रक्तदाब आहे.)

पण माझं खरं भांडण लोकपालावरून नाहीच. लोकपाल म्हणजे रखवालदार. तो चांगला निघाला तर उत्तम, झोपला तर आपण काय करणार? त्याआधी आपल्याला एक किल्ली मिळाली होती, माहितीच्या अधिकाराची. तीही मैदानातूनच आली, हे विसरू नका. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. गावात सगळ्यांसमोर हजेरीपट वाचायचा आणि विचारायचं, हा माणूस कामावर होता का? मेलेल्यांच्या नावावर मजुरी उचललेली निघायची. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरून बसली ही साधी माणसं. आपल्याकडे कायदा झाला तरी मंजुरीसाठी अडकला होता, म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसले. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा लागू झाला. हा कायदा कुणा महापुरुषावर सोपवलेला नव्हता. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. बस्स.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. २००९ साल. एका कार्यालयात लिपिकाच्या जागेसाठी ती मुलाखत देऊन आली, निवड दुसऱ्याची झाली. पोरगी हुशार, आणि बापाकडे द्यायला पैसे नव्हते. माझ्याच ओट्यावर बसून तिने अर्ज लिहिला : निवड झालेल्यांचे गुण आणि प्रमाणपत्रांच्या नकला द्या. आधी नकार आला. मग पहिलं अपील. मग दोन रुपये पानाप्रमाणे कागद हातात आले, आणि त्यात टंकलेखनाचं प्रमाणपत्र जाहिरातीच्या तारखेनंतरचं निघालं! तिला नोकरी मिळाली का? मिळाली, दीड वर्षाने. ना मोर्चा, ना उपोषण.

आज तिला काय उत्तर येईल? 'वैयक्तिक माहिती, देता येत नाही.'

हे कसं झालं, ते नीट समजून घ्या. आधी २०१९ मध्ये माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवणं केंद्र सरकारने आपल्या हातात घेतलं. कायद्यातली पाच वर्षांची मुदत नियमाने तीनवर आली. मग २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या पोटात एक छोटं कलम घालून माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. ते १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला दाखवावं लागे की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही. आता माहिती वैयक्तिक आहे, एवढं म्हटलं की पुरे. आणि त्या कलमाखाली एक परंतुक होतं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे खासदार आणि माझी ती विद्यार्थिनी कागदापुढे एका पायरीवर! नागरिकशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकात याहून चांगलं वाक्य मला कधी शिकवायला मिळालं नाही. ते काढून टाकलं.

सरकार म्हणतं, कलम ८(२) आहे की, व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते. आहे ना. पण जनहित आहे की नाही हे पहिल्यांदा ठरवणार कोण? ज्याच्या कपाटात ती फाइल आहे तोच साहेब. आणि हजेरीपटात नावांशिवाय असतं तरी काय? नावं झाकून हजेरीपट वाचला तर मेलेला मजूर कसा ओळखायचा?

खासगीपणा जपायला हवा, याबद्दल वाद नाही. माझा आधार क्रमांक, आजारपण, बँकेचं खातं लोकांना कशाला हवं? पण त्यासाठी जुन्या कलमात सोय होतीच.

सूनबाई म्हणतात, माहिती अधिकारवाले ब्लॅकमेल करतात. करत असतील काही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी काय करत होते? जमिनींचे व्यवहार उघडे पाडत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी घराबाहेर पडले आणि भर रस्त्यात त्यांचा खून झाला. अशा माणसांना आधार व्हावा म्हणून २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, तो अमलात आणायची तारीखच सरकारने काढली नाही.

लोकपाल हवा म्हणून आपण लाखांनी रस्त्यावर आलो. किल्ली काढून घेतली तेव्हा कार्यकर्ते आणि काही पत्रकार ओरडत राहिले, आणि आपण? आपल्या ग्रुपवर त्या आठवड्यात काय चाललं होतं ते मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. दिवाळीच्या सहलीचे फोटो.

माझी मागणी लहान आहे. जुनं कलम जसंच्या तसं परत घाला, परंतुकासकट. एवढ्यासाठी कुणी कुठे धरणं धरलं तर मला कळवा. गुडघे साथ देत नाहीत, पण खुर्ची मिळाली तर दिवसभर बसेन.