शांत संध्याकाळ कोणाची?

सुट्टीत पाहिलेल्या कारागिरांवर आपण साहित्यिक मंडळी जे लिहितो, ते मी आता दोन ओळींत ओळखते. उतरती उन्हं, वाकलेल्या माना, ‘मूक साधना’. कारागीर त्यात बोलत नाही. बोललाच तर शेवटी एखादं तत्त्वज्ञानाचं वाक्य, आणि तेही बहुधा लेखकालाच सुचलेलं.

दिवाळीच्या सुट्टीत बिदरला चौबाऱ्याजवळच्या एका बिदरीच्या कारखान्यात मी संध्याकाळभर बसले. शांतता कसली? छिन्नीवर हातोडी, कानशीची करकर आणि चौघांच्या अखंड गप्पा. चांदी महागली; जुन्या भावात घेतलेली ऑर्डर अंगावर येणार; मजुरी नगावर, आणि ती मात्र आहे तिथेच. भाषा दखनी. तिच्यातलं ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ मराठीतून गेलेला. मला न कळायचं कारण नव्हतं. तरी माझ्या वहीत पहिली ओळ होती: ‘मौनात बुडालेले हात’. वीस वर्षं अनुवाद करून पोट भरणारी मी, बोलणं कानावर पडत असताना शांतता लिहून मोकळी झाले.

काम तर नीट पाहण्यासारखंच. जस्त साधारण सोळा भाग आणि तांबं एक, असा मिश्रधातू वाळूच्या साच्यात ओततात. कोरलेली रेघ दिसावी म्हणून भांडं आधी मोरचुदाने तात्पुरतं काळं करतात. मग नक्षी कोरायची, खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, वरून घासायचं. घासल्यावर काळेपण जातं आणि राखाडी धातूत चांदी जवळजवळ दिसेनाशी होते. सगळी मेहनत त्या क्षणी फक्त करणाऱ्याला ठाऊक असते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप: जस्त कायमचं काळं पडतं, चांदी तशीच राहते. माती बरोबर आहे का, हे जिभेवर ठेवून ठरवतात. ती चव मला समजावून सांगायला उस्तादांनी दहा मिनिटं घेतली, चार उपमा वापरल्या. यांना मूक म्हणायचं!

हे मौन निरुपद्रवी नाही. ज्याची ‘साधना’ चालली आहे त्याच्या मजुरीचा विषय काढणं असभ्य वाटतं. घासाघीस करणं मात्र वाटत नाही. बिदरीला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 मध्ये शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री. दोन्ही योग्यच. पण दुकानात मी उलटून पाहिलेल्या एकाही फुलदाणीखाली कोरणाऱ्याचं नाव नव्हतं.

मला हे झोंबलं त्याचं कारण आहे. एका प्रकाशकाने मुखपृष्ठावर माझं नाव न छापता समारंभात मला ‘शब्दांची कारागीर’ म्हटलं होतं. मी खूश होऊन शाल घेतली. ‘अनुवाद वाटतच नाही’ ही आमच्याकडची सर्वोच्च स्तुती. म्हणजे बाई, तुम्ही तिथे नव्हतातच.

निघताना मी वहीतली ती ओळ खोडली आणि उस्तादांना नाव विचारलं, लेखात घालते म्हणाले. त्यांनी नाव सांगितलं, मग वहीकडे पाहिलं.

‘‘नाम नक्को लिखो,’’ ते म्हणाले. ऑर्डर ज्या व्यापाऱ्याची होती, त्याला ते चालणार नव्हतं.